चार संगणक, एक डोंगल: छोट्या कार्यालयात सॉफ्टवेअरचे परवाने कसे लावावेत

बेळगावच्या उद्यमबागेतले मशीनशॉप, तिथल्याच शहापुरातले डीटीपी केंद्र, निपाणीतली तंबाखूची पेढी आणि चिकोडीतले करसल्लागाराचे कार्यालय यांच्या कामांत फारसे साम्य नाही, तरी एक अडचण या चौघांनाही कधी ना कधी येते. सॉफ्टवेअर घेतले तेव्हा संगणक एक होता, आता चार झाले, आणि दुसऱ्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर उघडायला गेले की पडद्यावर परवाना सापडत नसल्याची सूचना येते. मग कोणी डोंगल, म्हणजे परवाना साठवलेली यूएसबी किल्ली, सकाळी या संगणकाला आणि दुपारी त्या संगणकाला लावत बसतो, कोणी ओळखीच्या मुलाकडून ‘क्रॅक’ मारून, म्हणजे परवान्याची तपासणी बेकायदा तोडून, घेतो, तर कोणी गरज नसताना दुसरा परवाना विकत घेतो. हे तिन्ही मार्ग शेवटी महागच पडतात. आपल्या हातातला परवाना नेमका कशाला बांधलेला आहे हे एकदा कागदावर उतरवले, की पुढची मांडणी सहसा अवघड राहत नाही; म्हणून या कामाची सुरुवात संगणकापाशी बसून न करता बिलांची फाइल काढून करावी.

परवाना कशाला बांधला आहे

बिल, परवान्याचे प्रमाणपत्र आणि खरेदीच्या वेळी आलेला ईमेल समोर ठेवा. त्यावरून परवाना पाचांपैकी कशाला बांधला आहे ते कळते: एका संगणकाला, एका डोंगलला, नेटवर्कवर एकाच वेळी काम करणाऱ्यांच्या संख्येला, एका व्यक्तीच्या खात्याला, किंवा एका जागेला. कधीकधी दोन बंधने एकत्र असतात, उदाहरणार्थ डोंगलही लागते आणि त्यावर तीनच युजर एका वेळी चालतात.

संगणकाला बांधलेला परवाना मदरबोर्ड, हार्ड डिस्क आणि नेटवर्क कार्डाचा मॅक क्रमांक (प्रत्येक कार्डाचा वेगळा ओळखक्रमांक) यांच्यावरून त्या यंत्राचा ठसा घेतो. यातला एखादा भाग बदलला तर काही सॉफ्टवेअर चालवून घेतात, मदरबोर्ड बदलला तर मात्र बहुतेक अडतात. त्यामुळे दुरुस्तीला संगणक देण्यापूर्वी किंवा फॉरमॅट मारण्यापूर्वी परवाना त्या यंत्रावरून सोडवून घेणे, म्हणजे डीॲक्टिव्हेट किंवा सरेंडर करणे, हे पहिले काम असते. डिस्क गेल्यावर ते करता येत नाही. मग विक्रेत्याला विनवण्या करणे एवढेच उरते.

विंडोजचेही असेच आहे. तयार संगणकाबरोबर आलेली ओईएम विंडोज त्या मदरबोर्डाची असते आणि ती दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही. वेगळी विकत घेतलेली रिटेल विंडोज जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येते. आपल्याकडे कोणती आहे हे पाहायचे असेल, तर स्टार्टमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘एसएलएमजीआर’ ही आज्ञा ‘डीएलआय’ या पर्यायासह द्यावी. उघडणाऱ्या छोट्या चौकटीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द दिसतो. चार संगणकांच्या दुकानात तिथे ‘व्हॉल्यूम’ आणि त्यापुढे ‘केएमएस’ असे दिसले तर जोडणी करून देणाऱ्याला जाब विचारावा. केएमएस ही पद्धत मोठ्या संस्थांसाठी आहे, तिला विंडोजचे किमान २५ संगणक लागतात आणि दर १८० दिवसांच्या आत तिचे नूतनीकरण संस्थेच्याच सर्व्हरकडून व्हावे लागते. चार संगणकांच्या छापखान्यात तसा सर्व्हर असण्याचा संभव नाही, म्हणजे कोणीतरी बनावट सर्व्हर बसवून दिलेला आहे.

व्यक्तीला बांधलेले परवाने आता वाढले आहेत. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने सुट्या उत्पादनांचे कायमस्वरूपी परवाने विकणे २०१६ साली थांबवले आणि पुढे २०२० पासून नेटवर्क परवाने सोडून नाव लावलेल्या वापरकर्त्याची पद्धत आणली, त्यामुळे ऑटोकॅडचे एक वर्गणी-खाते तीन ड्राफ्ट्समननी पाळीपाळीने वापरणे हे करारात बसत नाही. अडोबीचे खाते दोन संगणकांवर चालू ठेवता येते, पण ते एकाच माणसाने आणि एका वेळी एकाच संगणकावर वापरायचे असते. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस स्टँडर्ड योजनेत एका व्यक्तीला पाच संगणकांवर ऑफिस बसवता येते. हे पाच संगणक त्या एकाच व्यक्तीचे, पाच कारकुनांचे नव्हेत. घरगुती वापरासाठी स्वस्तात मिळत आलेली ऑफिसची ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्ती दुकानात लावण्याची आपल्याकडे मोठी पद्धत आहे आणि तिच्या शर्तींत व्यावसायिक वापर बसत नाही. पत्रे आणि तक्ते एवढेच काम असेल तर लिबरऑफिस विनामूल्य आहे, तो कितीही संगणकांवर टाकता येतो, आणि माझ्या मते दुकानातल्या निम्म्या संगणकांना तो पुरतो.

नोंदवही

प्रत्येक परवान्याला एक ओळ, अशी साधी वही किंवा तक्ता करावा. ओळ कशी असावी याचा नमुना (कॅम म्हणजे यंत्राने भाग कापण्याच्या आज्ञा तयार करणारे सॉफ्टवेअर): ‘कॅम सॉफ्टवेअर, नेटवर्क डोंगल, ३ युजर. डोंगलवर कोरलेला क्रमांक अमुक. लावलेली जागा: हिशेबाच्या टेबलाखालचा संगणक, मागचे वरचे यूएसबी पोर्ट. त्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१०. बिल क्रमांक, तारीख, कोणत्या जीएसटी क्रमांकावर घेतले. देखभालीची मुदत संपण्याची तारीख. नोंदणीचा ईमेल आणि तो कोणाकडे आहे.’ यातली शेवटची नोंद सर्वांत दुर्लक्षित राहते. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या मुलाने स्वतःच्याच ईमेलवर नोंदणी केलेली असते, तो वर्षभराने बेंगळुरूला नोकरीला जातो, आणि पासवर्ड बदलण्याचा संदेश त्याच्या मोबाइलवर जात राहतो. नोंदणी नेहमी पेढीच्या ईमेलवर असावी आणि तो ईमेल मालकाच्या फोन क्रमांकाला जोडलेला असावा.

वहीबरोबरच सॉफ्टवेअरची मूळ इन्स्टॉलर फाइल, डोंगलचा ड्रायव्हर आणि परवान्याची फाइल यांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. असा बॅकअप घेण्यात बेकायदा काही नाही. भारताच्या प्रताधिकार कायद्याचे, म्हणजे १९५७ च्या अधिनियमाचे, कलम ५२ कायदेशीर धारकाला नाश किंवा नुकसान यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून प्रोग्रॅमची प्रत करण्याची मुभा देते. डोंगलची मात्र प्रत होत नाही, आणि त्यासाठीच तो बनवलेला असतो.

नेटवर्क डोंगल लावणे

डोंगल दोन प्रकारचे असतात. एकट्या संगणकाचा डोंगल ज्या यंत्राला लावला आहे तिथेच सॉफ्टवेअर चालू देतो. नेटवर्क डोंगल एका संगणकाला लावायचा आणि त्यात भरलेल्या युजरसंख्येइतक्या संगणकांनी तो लॅनवरून, म्हणजे कार्यालयातल्या नेटवर्कवरून, वापरायचा. दिसायला दोन्ही सारखेच असू शकतात, म्हणून रंगावरून अंदाज बांधू नये. यूएसबी नेटवर्कवरून वाटून देणारी उपकरणे आणि सॉफ्टवेअर बाजारात मिळतात, परंतु त्यांनी एकट्याचा डोंगल तिघांचा होत नाही. एका वेळी एकच संगणक त्याला धरतो, आणि तेवढीही मुभा करारात आहे की नाही हे विक्रेत्याला लेखी विचारून घ्यावे लागते. तीन संगणकांवर एकाच वेळी काम करायचे असेल तर नेटवर्क परवान्यात रूपांतर करून मागावे, जुना डोंगल परत घेऊन फरकाची रक्कम लावणारे विक्रेते असतात.

आपल्याकडच्या मशीनशॉप आणि डीटीपीच्या कामात दोन जातींचे डोंगल जास्त आढळतात. एक हॅस्प, जो मूळचा अलादीन या इस्रायली कंपनीचा. ती कंपनी पुढे सेफनेटमध्ये, सेफनेट जेमाल्टोमध्ये आणि जेमाल्टो २०१९ मध्ये थेल्समध्ये गेली, म्हणून त्याच डोंगलच्या ड्रायव्हरवर कधी हॅस्प, कधी सेंटिनेल अशी नावे दिसून माणूस गोंधळतो. दुसरा कोडमीटर, जर्मनीतल्या विबू-सिस्टिम्स या कंपनीचा. पद्धत दोन्हींची सारखी आहे. हॅस्पची इथे सविस्तर देतो.

प्रथम सर्व्हर कोणता हे ठरवा. यासाठी वेगळे महाग यंत्र लागत नाही, पण जो संगणक सकाळी सर्वांत आधी सुरू होतो आणि शेवटी बंद होतो तोच निवडावा. मालकाचा लॅपटॉप हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण साहेब दुपारी बँकेत गेले की तिघांचे काम थांबते. ढलाईच्या कारखान्यात हा संगणक शॉपफ्लोअरवर ठेवू नये. लोखंडाची बारीक धूळ यूएसबीच्या तोंडात बसते आणि ती वीज वाहून नेते.

त्या संगणकाला कायमचा पत्ता द्या. राउटरच्या पानावर जाऊन त्या यंत्रासाठी, समजा, १९२.१६८.१.१० हा पत्ता राखून ठेवावा. हे केले नाही तर वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की पत्ता बदलतो आणि परवाना ‘हरवतो’; पावसाळ्यात खानापूर भागात हे आठवड्यातून दोनदाही होऊ शकते. संगणकाबरोबर राउटर आणि स्विच यांनाही यूपीएसवर घ्यावे, कारण संगणक चालू राहिला आणि स्विच बंद पडला तरी परिणाम तोच होतो.

ड्रायव्हर आधी बसवावा आणि डोंगल नंतर लावावा. नव्या डोंगलना हा क्रम तितका आवश्यक राहिलेला नाही, तरी पाळल्याने तोटा नाही. डोंगल लावल्यावर आतला दिवा स्थिर लागला पाहिजे. मग त्याच संगणकावर ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’, पुढे दोन उभे टिंब आणि १९४७ हा पोर्ट क्रमांक लिहिला की सेंटिनेलचे नियंत्रण पान उघडते. (कोडमीटरसाठी हाच क्रमांक २२३५२ असतो.) डावीकडच्या यादीत ‘सेंटिनेल कीज’ वर टिचकी मारल्यावर आपला डोंगल क्रमांकासह दिसायला हवा. तो इथे दिसत नसेल तर नेटवर्ककडे अजून पाहूच नये, अडचण यूएसबी पोर्ट, ड्रायव्हर किंवा डोंगल यांतच आहे.

आता फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून नको ती ये-जा अडवणारी विंडोजची सोय. हॅस्पसाठी १९४७ आणि कोडमीटरसाठी २२३५० हा पोर्ट टीसीपी व यूडीपी या संवादाच्या दोन्ही पद्धतींसाठी मोकळा करावा लागतो. इन्स्टॉलर बहुधा हे स्वतः करतो, पण विंडोजने आपल्या नेटवर्कला ‘पब्लिक’ मानलेले असले तर नियम असूनही दार बंद राहते. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करावे. एवढ्यासाठी पूर्ण फायरवॉल बंद करून ठेवणारे तंत्रज्ञ भेटतात. त्यांना तसे करू देऊ नये.

दुसऱ्या संगणकावर सॉफ्टवेअर आणि तोच ड्रायव्हर बसवून, डोंगल न लावता, तिथलेही १९४७ चे पान उघडा. सर्व्हरवरचा डोंगल तिथे आपोआप दिसला तर काम झाले. दिसला नाही तर ‘कॉन्फिगरेशन’ मध्ये दूरच्या लायसन्स मॅनेजरचा टॅब आहे, तिथल्या शोधाच्या चौकटीत सर्व्हरचा पत्ता, म्हणजे १९२.१६८.१.१०, स्वतः लिहून ‘सबमिट’ दाबावे आणि मिनिटभर थांबावे. आपोआप होणारा शोध एका राउटरच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे कार्यालयात एक राउटर आणि वरच्या मजल्यावर दुसरा अशी रचना असली की पत्ता हातानेच द्यावा लागतो.

तिघांचा परवाना असताना तिसऱ्यालाच नकार येत असेल, तर सर्व्हरच्या पानावर ‘सेशन्स’ पाहा. कोणता संगणक किती वाजल्यापासून जागा धरून बसला आहे हे तिथे नावासह दिसते. एखादा संगणक मध्येच अडकून बंद पडला तर त्याची जागा काही तास अडलेली राहू शकते. ती तिथूनच सोडवता येते. मात्र ते करण्यापूर्वी त्या टेबलावर जाऊन खात्री करावी, नाहीतर दुसऱ्याचे न साठवलेले काम जाईल.

युजर वाढवले किंवा मुदत वाढवली तर डोंगल कुरिअरने पाठवण्याची गरज नसते. सेंटिनेलमध्ये डोंगलची सद्यस्थिती ‘सी-टू-व्ही’ नावाच्या फाइलमध्ये घेऊन विक्रेत्याला पाठवायची आणि त्याने दिलेली ‘व्ही-टू-सी’ फाइल लावायची. ती फाइल फक्त त्याच डोंगलला लागू पडते, म्हणून दोन डोंगल असतील तर प्रत्येकाची वेगळी पाठवावी आणि हे चालू असताना दुसरा काढून ठेवावा.

काही अभियांत्रिकी सॉफ्टवेअर डोंगल न देता फ्लेक्सनेट पद्धतीची परवाना-फाइल देतात. ती सर्व्हरच्या मॅक क्रमांकाला बांधलेली असते. तो क्रमांक देताना तारेच्या लॅन कार्डाचाच द्यावा. वायफायचा क्रमांक विंडोज बदलूही शकते आणि यूएसबीचे लॅन कार्ड हरवूही शकते. या पद्धतीत मुख्य सेवेचा पोर्ट सहसा २७००० पासून पुढचा असतो, परंतु विक्रेत्याची दुसरी सेवा दर वेळी वेगळा पोर्ट घेते. फायरवॉल मोकळा करूनही परवाना मिळत नाही याचे बहुतेक वेळा हेच कारण असते, आणि त्यासाठी फाइलमधल्या विक्रेत्याच्या ओळीत पोर्ट क्रमांक ठरवून लिहावा लागतो.

डोंगलची निगा

एखाद्या कॅम सॉफ्टवेअरचा डोंगल म्हणजे काही लाखांची वस्तू असते आणि ती बोटाएवढी असते. ती संगणकाच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, बाहेर डोकावत लावलेली असली की खुर्ची लागून वाकते. मागच्या पोर्टमध्ये लावावी, आणि तिथेही जागा अडचणीची असेल तर वीतभर लांबीची चांगली एक्स्टेन्शन केबल वापरून डोंगल कॅबिनेटला पट्टीने बांधून टाकावा. काही मदरबोर्डांवर आतच यूएसबी जोड असतो. अडॅप्टर लावून डोंगल कॅबिनेटच्या आत ठेवला तर चोरीचीही चिंता कमी होते.

दुपारच्या जेवणानंतर परवाना जातो आणि डोंगल काढून पुन्हा लावल्यावर येतो, अशी तक्रार असेल तर विंडोजची वीज वाचवण्याची सोय तपासावी. पॉवरच्या प्रगत पर्यायांत ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे आणि सर्व्हर संगणक झोपी जाणार नाही असे ठरवावे. पावसाळ्यात डोंगलच्या पितळी पट्ट्यांवर काळसर थर आला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसावा, पॉलिश पेपर लावू नये.

मुदतीचा परवाना असेल तर संगणकाची तारीख मागे नेण्याचा खेळ करू नये; बहुतेक पद्धती हे ओळखतात आणि परवाना गोठवतात. यातच एक साधी गोष्ट विसरली जाते: मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते आणि सॉफ्टवेअर नकार देते. परवान्याच्या कंपनीला फोन करण्यापूर्वी उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचावी. तो सेल सीआर २०३२ या नावाने कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो.

बिघडलेला डोंगल परत केल्यावर बहुतेक विक्रेते शुल्क घेऊन नवा देतात. हरवलेल्या डोंगलचा मात्र अर्थ अनेक करारांत हरवलेला परवाना असाच लावला जातो आणि पूर्ण किंमत पुन्हा मोजावी लागते. कार्यालयाचा विमा उतरवताना डोंगलची नोंद सॉफ्टवेअरच्या पूर्ण किमतीने करून घ्यावी. नुसते ‘यूएसबी उपकरण’ लिहिले तर दावा पाचशे रुपयांचा होतो.

टॅली

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. सिल्व्हर आवृत्ती एका वेळी एका वापरकर्त्याची आणि गोल्ड आवृत्ती एका लॅनवरच्या कितीही वापरकर्त्यांची. गोल्डमध्ये एका संगणकावर परवाना सुरू करायचा आणि बाकीच्यांवर नेटवर्कवरचा परवाना वापरण्याचा पर्याय निवडून त्या संगणकाचे नाव किंवा पत्ता आणि पोर्ट, जो मुळात ९९९९ असतो, द्यायचा. माहितीचे फोल्डरही सर्वांना दिसेल असे वाटून द्यावे लागते. परवाना सापडणे आणि माहिती सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दूरध्वनीवरून मदत मागताना यातले काय बंद आहे ते आधी सांगितले तर निम्मा वेळ वाचतो. संगणक बदलण्याआधी परवाना सरेंडर करावा. वार्षिक टीएसएस, म्हणजे टॅलीची सेवा-वर्गणी, संपली तरी आहे ती आवृत्ती चालत राहते, फक्त नव्या आवृत्त्या आणि जोडसेवा मिळत नाहीत.

शिनोळी आणि बेळगाव

सीमाभागातल्या पेढ्यांची एक खास अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शिकांत सापडत नाही. कार्यालय बेळगावात आणि दुसरे युनिट वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीत, म्हणजे चंदगड तालुक्यात, अशी रचना इथे सर्रास आहे. मालक एक, माणसे तीच, अंतरही फार नाही. पण राज्ये दोन आणि जीएसटी क्रमांकही दोन, एक २९ ने सुरू होणारा कर्नाटकाचा आणि दुसरा २७ ने सुरू होणारा महाराष्ट्राचा. कोल्हापूरच्या विक्रेत्याकडून बेळगावच्या क्रमांकावर सॉफ्टवेअर घेतले तर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य जीएसटी, लागतो, शिनोळीच्या क्रमांकावर घेतले तर राज्यांतर्गत कर लागतो. दर दोन्हीकडे १८ टक्केच. ज्या युनिटमध्ये सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालणार त्याच क्रमांकावर बिल घ्यावे, नाहीतर कराच्या परताव्याचा आणि परवान्याच्या जागेचा असे दोन प्रश्न एकदम उभे राहतात. बिल दोन्ही युनिटांसाठी एकच असेल तर त्याची विभागणी कशी दाखवायची हे सीएला विचारूनच ठरवावे.

तांत्रिकदृष्ट्या व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दोन नेटवर्क जोडणारी खासगी वाट, टाकून बेळगावचा नेटवर्क डोंगल शिनोळीतून वापरता येतो. शोधाच्या चौकटीत पत्ता हाताने दिला की झाले. परंतु पुष्कळ करारांत परवाना एका जागेपुरता किंवा एका लॅनपुरता असतो, आणि टॅलीच्या गोल्डची मर्यादाही लॅनचीच आहे. म्हणून आधी करारातला जागेचा परिच्छेद वाचावा आणि अनेक जागांचा परवाना मिळतो का ते विचारावे. लॅपटॉप घेऊन दोन्हीकडे फिरणाऱ्या अभियंत्यासाठी काही पद्धतींत नेटवर्कवरची एक जागा ठरावीक दिवसांसाठी लॅपटॉपवर काढून नेण्याची सोय असते. ती मुदत आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण लॅपटॉप बिघडला तर मुदत संपेपर्यंत ती जागा परत मिळत नाही.

जुने डोंगल, जुने फॉन्ट

डीटीपीच्या कामात इथे मराठी आणि कन्नड दोन्हींची पत्रिका एकाच दिवशी लागते, त्यामुळे एकाच संगणकाला दोन भाषांच्या सॉफ्टवेअरची दोन कुलुपे, म्हणजे डोंगल, लावलेली असत. पॅरलल पोर्टच्या, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या रुंद जोडाच्या, काळात ती एकामागे एक जोडून शेवटी प्रिंटर लावत. तसा डोंगल अजून कोणाकडे जिवंत असेल तर काही गोष्टी माहीत हव्यात. यूएसबीला पॅरलल पोर्ट देणारी केबल प्रिंटरपुरती असते, तिच्यावर डोंगल चालत नाही. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ३२ बिटांचे ड्रायव्हर बसत नाहीत आणि १६ बिटांचे प्रोग्रॅम उघडतच नाहीत. विंडोज ११ मधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षासोय जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करण्याऐवजी डोंगलच्या निर्मात्याचा ताजा ड्रायव्हर आधी टाकून पाहावा, कारण जुन्या यूएसबी डोंगलपैकी पुष्कळ नव्या ड्रायव्हरवर चालतात.

तेही न जमल्यास एक जुना संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ त्या कामासाठी ठेवावा, किंवा आभासी यंत्र करून त्यात जुनी विंडोज टाकावी आणि यूएसबी डोंगल त्या यंत्राकडे वळवावा. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरालाही विनामूल्य आहे. आभासी यंत्रातल्या विंडोजलाही स्वतंत्र परवाना लागतो, हे विसरू नये. आणि फुरसत मिळेल तसतसा जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व भाषांच्या अक्षरांच्या प्रमाण सांकेतिक पद्धतीत, आणत जावा. युनिकोडचे देवनागरी आणि कन्नड फॉन्ट विंडोजमध्येच असतात, गूगलचे नोटो फॉन्ट विनामूल्य मिळतात, आणि त्यांना कसलेही कुलूप लागत नाही. फक्त पेजमेकर युनिकोड जाणत नाही, म्हणून मांडणीचे सॉफ्टवेअरही बदलावे लागते. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि अंक एकदा डोळ्यांखालून घालावेत, कारण चुका नेमक्या तिथेच राहतात.

डोंगलची नक्कल करणारे ‘एम्युलेटर’ हा शेवटचा उपाय म्हणून सुचवला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात आलेले कलम ६५ अ हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण तोडण्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते, आणि कलम ६३ ब प्रमाणे जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. त्याहून रोजचा धोका असा की हे एम्युलेटर विंडोजच्या गाभ्यात स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर घालतात, आणि त्याच संगणकावर पेढीचे बँक खाते उघडले जाते.

खरेदीपूर्वी

नवीन सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला ईमेलवर काही प्रश्न विचारावेत आणि उत्तर ईमेलवरच घ्यावे. संगणक बदलला तर परवाना किती वेळा आणि कोणत्या शुल्कात हलवता येतो? रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे दुसऱ्या ठिकाणाहून तो संगणक नेटवर्कने वापरताना, चालतो का? हे विचारण्याचे कारण असे की अनेक एकट्याचे परवाने रिमोट डेस्कटॉप ओळखून बंद होतात. डोंगल बिघडला तर बदली डोंगल येईपर्यंत तात्पुरता परवाना देता का, आणि तो किती दिवसांचा? पुण्याहून किंवा बेंगळुरूहून कुरिअर यायला लागणारे दिवस मोजले की या प्रश्नाचे महत्त्व कळते. दोन युनिटांत वापरता येईल का? देखभाल बंद केली तर आहे ती आवृत्ती चालू राहील का? आणि कंपनीच बंद पडली तर ऑनलाइन तपासणीशिवाय सॉफ्टवेअर उघडेल का? या शेवटच्या प्रश्नाला विक्रेता हसतो, परंतु उत्तर लेखी आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.